कौसाबाईंचा हात

कौसाबाई मेश्राम लोकांना मारायच्या, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी माझ्या देखत एका तरण्या पोराचं मनगट फोडलं, स्वतःच्या थोरल्या मुलाच्या कानाचा पडदा फाडला, आणि मलाही एकदा अशी थोबाडीत दिली की माझा चष्मा उडून मोरीत पडला. पण जबलपूरच्या मदन महल भागातल्या आमच्या गल्लीने ज्या गोष्टीसाठी त्यांना रस्त्यावर तुडवलं, ती मात्र त्यांनी कधीही केलेली नव्हती.

लग्न होऊन मी जबलपूरला आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. सासरची माणसं चार पिढ्या इथलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. शेजारच्या दोन खोल्यांत मेश्राम राहायचे. भंडाऱ्याकडचं बौद्ध कुटुंब. मेश्रामभाऊ फॅक्टरीत फिटर होते, दिवसातून दहा शब्द बोलणारे. थोरला विजय अकरा वर्षांचा, धाकटी सुजाता दोन वर्षांची. आमच्या आणि त्यांच्या घरात एक विटेची भिंत होती, आणि तिच्यातून सगळं ऐकू यायचं.

पहिल्याच महिन्यात एका दुपारी पलीकडून लहान मुलीची किंकाळी आली. लहान मूल रडतं तेव्हा त्या रडण्याला चढउतार असतो. ही किंकाळी एकदम वरच्या टोकाला सुरू झाली आणि तिथेच राहिली. पाठोपाठ भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज, धप, धप, आणि कौसाबाईंचा आवाज, "हात तुटो! हात तुटो!" दुसऱ्या दिवशी सुजाता पायाला प्लास्टर घातलेली ओसरीत पडली होती.

मी हे सासूबाईंना सांगितलं. सांगायची गरज नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्यात असंच असतं," आणि दळण घेऊन चक्कीवर गेल्या. गल्लीतल्या बायका चक्कीवर आपला नंबर येईपर्यंत तास-तासभर बसायच्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की मेश्रामीण पोरीला मारते, आणि शेजारच्या नव्या सुनेने ते कानांनी ऐकलंय.

खरं काय ते कौसाबाईंनी कधी लपवलं नव्हतं. नळावर त्या सगळ्यांना सांगायच्या, "माह्या पोरीचे हाडं काचेचे हाय. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं सांगतलं. तिच्या डोळ्याचा पांढरा भाग पाहा, निळा हाय का नाई?" पण सांगायची त्यांची तऱ्हा अशी होती की ऐकणारा दोन पावलं मागे सरकायचा. एखादी बाई हसली तर पुढचं वाक्य शिवीनेच सुरू व्हायचं. सासूबाई घरी येऊन म्हणायच्या, "काचेची हाडं! ऐकलंय कधी?" मीही ऐकलं नव्हतं.

त्या घरात लेकराला उचलणं हे एक काम होतं, आणि त्याला वेळ लागायचा. कौसाबाई आधी बांगड्या काढून खुंटीला अडकवायच्या. हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. मग मोठ्याने म्हणायच्या, "सुजू, मी उचलून रायली." सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम होता, कारण पोरगी दचकली तर दचकण्यानेही हाड मोडायचं. मग एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली, बोटं पसरून. बगलेत धरून कधीच नाही. मेश्रामभाऊंनी सागाची एक फळी तासून कडा गोल केल्या होत्या, तिच्यावर कापसाची गादी. सुजाता घरभर त्या फळीवरून हिंडायची. झोपताना पाय वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. लंगोट बदलताना आपण बाळाचे पाय धरून वर करतो, तसं एकदा विजयने केलं आणि मांडीचं हाड गेलं. त्या पोरीला घामही फार यायचा. मे महिन्यात प्लास्टरच्या आत खाज सुटली की ती तासन् तास कण्हायची, आणि कौसाबाई पुठ्ठ्याने वारा घालत बसायच्या, शिव्या देत. शिव्या उन्हाला असायच्या.

पोरीसाठी जपलेला सगळा हळूपणा तिच्यावरच संपत असावा. बाकीच्या जगासाठी त्यांच्याकडे काहीच उरायचं नाही.

चक्कीवाल्याचा धाकटा भाऊ बबलू वीसेक वर्षांचा होता. तो आणि त्याचे मित्र गल्लीत क्रिकेट खेळायचे. कौसाबाईंनी दोनदा सांगितलं, "भैया, उधर खेलो, मेरी बच्ची बाहर सोती है." तिसऱ्या दिवशी चेंडू येऊन सुजाताच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीवर आदळला. कौसाबाई कपडे धूत होत्या. त्या कपडे बडवायची मोगरी घेऊनच उठल्या. बबलू हसत चेंडू मागायला पुढे आला, त्याने हात पसरला आणि मोगरी त्याच मनगटावर बसली. तो खाली बसला तरी त्या थांबल्या नाहीत. पाठीवर, खांद्यावर, पुन्हा मनगटावर. चार बायकांनी मिळून त्यांना मागे खेचलं. बबलूचं मनगट महिनाभर बांधलेलं होतं. सगळ्या मित्रांसमोर बाईच्या हातचा मार खाल्लेला तो पोरगा त्यानंतर कौसाबाईंच्या दारावरून जाताना थुंकून जायचा.

विजयच्या कानाची गोष्ट मला अजून सांगवत नाही, पण ती सांगितल्याशिवाय कौसाबाई कळणार नाहीत. विजयला बहिणीपाशी बसवून त्या नळावर गेल्या होत्या. पोरगा पतंग बघायला दाराशी गेला, तेवढ्यात सुजाता फळीवरून कलंडली आणि खांद्याचं हाड मोडलं. कौसाबाईंनी आत येऊन आधी पोरीचा हात झोळीत बांधला, तिला नीट निजवलं, आणि मग उठून विजयच्या कानाखाली वाजवली. एकच. तो भिंतीवर जाऊन आदळला आणि त्याच्या कानातून रक्त आलं. मी ओसरीतून, त्यांच्या उघड्या दारातून बघत होते. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो हात पुन्हा पुन्हा भिंतीवर आपटला, धप, धप, धप. "हात तुटो माह्या! हात तुटो!" त्या दिवशी मला ते वाक्य पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. पहिल्या महिन्यात भिंतीपलीकडून जे ऐकलं होतं ते काय होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

समजलं, आणि मी गप्प बसले. चक्कीवर जाऊन सांगायला पाहिजे होतं की मी चुकले. मी नवी सून होते, सासूबाईंनी पसरवलेली गोष्ट मी कशी खोडणार, असं स्वतःला सांगत राहिले. विजयला त्या कानाने पुढे कधी नीट ऐकू आलं नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी सुजाता झोपेत कुशीवर वळली आणि तिचा पाय मोडला. मेश्रामभाऊ ड्यूटीवर गेलेले. कौसाबाईंनी विजयला रिक्षा आणायला पिटाळलं आणि फळी दोन्ही हातांवर घेऊन त्या दाराबाहेर आल्या. सुजाता किंचाळत होती. बबलू समोरच उभा होता. तो ओरडला, "फिर तोड़ दिया! देखो, फिर तोड़ दिया बच्ची को!"

माणसं कशी जमतात ते कळत नाही. क्षणापूर्वी गल्ली रिकामी होती आणि मग दहा-बारा जण होते. चक्कीवाली भाभी, बबलूची वहिनी, पुढे. "इधर दे बच्ची को! मार डालेगी ये."

"हात मत लगाना," कौसाबाई म्हणाल्या. "कोई हात मत लगाना उसको."

बबलूने मागून त्यांच्या अंबाड्याला धरलं आणि मान मागे ओढली. कुणीतरी पाठीत लाथ घातली. मला वाटलं, आता या बाई एकेकाला फाडतील. पण त्यांचे दोन्ही हात फळीखाली होते. ते त्यांनी काढले नाहीत. लाथा बसत होत्या, बबलूच्या मित्राने स्टंप आणला होता, तो बरगड्यांवर पडत होता, कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि त्या फळी पाण्याने भरलेल्या परातीसारखी सपाट धरून हळूहळू गुडघ्यांवर बसत होत्या. बसल्यावर त्या पोरीवर ओणव्या झाल्या. चक्कीवाल्या भाभीने त्यांच्या खांद्यावरून हात घालून सुजाताचा दंड धरला आणि वाचवायला म्हणून वर ओढला.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बोराची फांदी मोडावी तसा. भाभीच्या हातात पोरीचा दंड होता आणि तो मधूनच वाकलेला होता. भाभीने हात सोडला, आणि ती स्वतःच ओरडायला लागली, "मैंने कुछ नहीं किया! मैंने तो बस पकड़ा था!"

सगळे थांबले. बबलूच्या मित्राने स्टंप खाली टाकला. कौसाबाईंनी पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पुट्ठा लाओ कोई."

कुणी हललं नाही. मी आत पळाले. समोर माझं शाळेचं जाड रजिस्टर होतं, त्याचं कव्हर फाडलं आणि घेऊन आले. त्यांनी ते गुडघ्यावर दुमडलं, आपल्या लुगड्याची पट्टी फाडली आणि भर रस्त्यात त्या पोरीचा दंड बांधला. विजय रिक्षा घेऊन आला होता आणि कोपऱ्यावर उभा राहून हे सगळं पाहत होता.

सरकारी दवाखान्यात हाडांचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी पोरीचे डोळे बघितले आणि मारहाणीची चौकशी करायला आलेल्या पोलिसांना चिठ्ठी लिहून दिली की हा जन्माचा आजार आहे, आईचा काही दोष नाही. कौसाबाईंच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पट्ट्यांनी आवळलेल्या अवस्थेत त्या सुजाताच्या खाटेशी बसल्या होत्या. मेश्रामभाऊंनी विचारलं, "फार दुखते का?" तर म्हणाल्या, "आता समजलं मले, पोरीले खोकलताना कसं होते ते." ठाण्यात तक्रार लिहायला त्या गेल्या नाहीत. "चार चकरा कोन मारल? पोरीपाशी कोन बसल?" गल्लीने ते प्रकरण विसरायचं ठरवलं. गल्लीला ते लवकर जमलं.

मला जमलं नाही. त्या घरी परत आल्यावर आठवड्याने मी त्यांच्या दारात गेले. लग्न झाल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. त्या मोरीपाशी भांडी घासत होत्या. मी म्हणाले, "कौसाबाई, तुम्ही पोरीला मारता असं पहिल्यांदा मी सांगितलं होतं. सासूबाईंना. तिथून ते पसरलं."

त्या उठल्या. हात राखेने भरलेले होते. त्याच हाताने त्यांनी मला थोबाडीत दिली. चष्मा उडाला. बरगड्यांमुळे त्या स्वतःही कळवळून वाकल्या, भिंतीला धरून श्वास घेत राहिल्या. मी तशीच उभी होते. दुसरी बसेल असं वाटत होतं.

"तुले माहीत कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"विजयच्या कानाच्या दिवशी."

"आन् काहून नाई बोलली?"

त्यांनी मोरीतून माझा चष्मा उचलला, धुतला, पदराने पुसून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "बांगड्या काढ. ते उशी धर. मले आता वाकता येत नाई, पोरीले कुशीवर करा लागते."

असं माझं शिक्षण सुरू झालं. पहिले दोन महिने मी फक्त उशी धरत होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला सुजाताच्या डोक्याखाली हात घालू दिला आणि स्वतः श्वास रोखून उभ्या राहिल्या. मी चुकले की कोपरावर चापट बसायची. सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला, मग त्यांनीही सोडून दिलं.

याच दिवसांत बरगड्या जुळल्या, सुजाताच्या दंडाचं प्लास्टर निघालं. तिच्या प्लास्टरचं नळकांडं माझ्या वितीपेक्षा लहान होतं. कौसाबाई ते घेऊन चक्कीवर गेल्या. मी मागोमाग धावले. आठ-दहा बायका डबे घेऊन बसलेल्या, भाभी गल्ल्याशी, बबलू चक्की चालवत होता. कौसाबाईंनी ते प्लास्टर भाभीच्या समोर धरलं, "देख. इतना सा हाथ था." आणि चक्कीच्या तोंडात टाकून दिलं. कडाड् करून आवाज झाला, पट्टा घसरला, पीठ उडून सगळ्यांच्या डोक्यावर बसलं. बबलू पांढराफटक झाला होता, पिठाने आणि भीतीने. त्या त्याच्याजवळ गेल्या. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. त्यांनी त्याला मारलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, तो हात खाली घेईपर्यंत, आणि मग घरी आल्या. चक्की दोन दिवस बंद होती.

सुजाता जगली. छातीत कफ भरून दोनदा जाता जाता राहिली, पण जगली. मी तिला घरी शिकवायला लागले. हाडं वाढली नाहीत, जीभ वाढली. अगदी आईसारखी. सात-आठ वर्षांची झाल्यावर ती कौसाबाईंशी असं भांडायची की भिंतीपलीकडे आम्ही बोलणं थांबवून ऐकायचो. कौसाबाईंचा हात वर जायचा. तो वरच राहायचा, मग वळून दाराच्या चौकटीवर पडायचा. ती चौकट एका जागी फुटली होती. सुजाता म्हणायची, "मार ना! मारून तर दाखव!" आणि कौसाबाई बाहेर येऊन पायरीवर बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "साऱ्या जगाले मारलं मी. इले मारता येत नाई, तं हे डोक्यावर बसून रायली." असं म्हणून त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

अकराव्या वर्षी सुजाताने हट्ट धरला की पाचवीची बोर्डाची परीक्षा शाळेत जाऊन द्यायची. केंद्र माझ्याच शाळेत होतं. घरात आठवडाभर युद्ध चाललं. "धक्का लागन, मरशीन!" "मरन तं मरन! घरातच ठेवून कोनतं लोणचं घालून रायली माह्यं?" शेवटी मेश्रामभाऊ त्यांच्या दहा शब्दांपैकी तीन बोलले, "जाऊ दे तिले."

मी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं. सुजाता खुर्चीत बसेल, दोन शिपाई खुर्ची उचलतील, मी तिच्या पाठीमागची उशी धरून बरोबर चालेन, आणि पेपर संपला की सगळ्यात आधी तिला बाहेर काढायचं, मग घंटा. पालकांना फाटकाच्या आत परवानगी नव्हती. कौसाबाई रोज तीन तास बाहेर उन्हात उभ्या राहायच्या. वर्गाच्या खिडकीतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. चौकीदार काठी दाखवून म्हणत होता, "अम्मा, छाया में बैठो," आणि त्या ऐकत नव्हत्या.

शेवटच्या दिवशी आम्ही खुर्ची घेऊन मैदानात निम्म्यावर आलो आणि कुणीतरी घंटा दिली. लवकर दिली. मागे इमारतीच्या दरवाजातून पोरांचा लोंढा सुटायला लागला. दोनशे-अडीचशे पोरं, परीक्षा संपलेली, दफ्तरं फिरवत. शिपाई गांगरून जागच्या जागी थांबले.

कौसाबाई चौकीदाराला खांद्याने उडवून आत आल्या. आमच्या शेजारून धावत गेल्या, दहा-बारा पोरं बाहेर आली होती त्यांना दोन्ही हातांनी बाजूला लोटलं, आणि इमारतीचं लोखंडी सरकतं दार ओढून घेतलं. आतल्या बाजूने पोरांचा रेटा आला. त्यांनी छाती दाराला लावली, पाय रोवले आणि गज धरून ठेवले. पोरं आतून ढकलत होती, गजांमधून मुठी मारत होती, कुणी तरी कंपासपेटीने त्यांची बोटं ठेचत होता. मागून चौकीदार आला आणि त्याने त्यांच्या पाठीवर काठी घातली. एक, दोन, तीन. मी वळून बघितलं तर त्या ओरडल्या, "मास्तरीण, मागं पाहू नको! पोरीले पाह्य!"

मी शिपायांना पुढे हाकललं, उशी घट्ट धरली आणि चालत राहिले. फाटकाबाहेर सायकलरिक्षात आम्ही सुजाताला ठेवलं, तेव्हा कुठे मागे दार सुटल्याचा खणखणाट झाला. पोरं वाहून गेली. त्यांच्या मागून कौसाबाई आल्या. केस सुटलेले, चोळी खांद्यावर फाटलेली, दोन्ही हातांच्या बोटांतून रक्त.

सुजाता भडकली. "आई, काहून तमाशा करून रायली? आता सगळे मले हसतीन!"

"पेपर कसा गेला?"

"सोपा होता."

कौसाबाई मागे वळल्या, फाटकाशी उभ्या असलेल्या चौकीदाराकडे चालत गेल्या, त्याच्या एक कानफटात मारली आणि परत आल्या. तो गाल धरून बघत राहिला. मी म्हणाले, "ताई, बसा रिक्षात, मी येते मागून." त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, रस्ता खराब आहे.

त्याच उन्हाळ्यात मेश्रामभाऊंनी नोकरी सोडली आणि ते सगळे भंडाऱ्याकडे निघून गेले. तेव्हा मी माहेरी होते, त्यामुळे कौसाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. रिक्षावाला पायी हँडल धरून चालत होता. सुजाता पेपरातली गणितं मोठमोठ्याने सांगत होती. कौसाबाई मागून चालत होत्या, आणि खड्डा आला की वाकून रिक्षाचा मागचा भाग दोन्ही हातांनी उचलून धरत होत्या, चाकं पलीकडे जाईपर्यंत.